उजवीकडचा पेला

"त्याचं ताट तुझ्याजवळ नको," टेबलावर झेंडूच्या पाकळ्या मांडताना नवरा म्हणाला. घराच्या वाटणीवरून तुटलेला माझा भाऊ चार वर्षांनी भाऊबिजेला जेवायला येत होता.

मी त्याचं ताट दुसऱ्या टोकाला मांडलं. सगळ्यांचे पेले डावीकडे, त्याचा मात्र उजवीकडे ठेवला, तो डावखुरा. लहानपणी शेजारी बसलो की कोपरं आपटायची आणि भांडण ठरलेलं.

तो आला. पेल्याकडे बघत नुसता उभा राहिला. आता हा परत फिरणार, असं मला वाटलं.

त्यानं ताट उचललं, पेला उचलला आणि माझ्या उजव्या हाताला येऊन बसला. पहिल्याच घासाला आमची कोपरं आपटली.

"लागलं, ताई?"

"लागू दे."