वर्दियाची साक्ष

"म्हणजे दोघांनाही तूच पाजलंस?" मशिदीच्या शेखने पुन्हा विचारलं.

"दोघांनाही," वर्दिया म्हणाली. "भूकंपानंतर आम्ही रोमन भिंतींच्या आडोशाला तंबूत राहत होतो. वहीबाला अल्जियर्सच्या इस्पितळात नेलेलं. तिची लमिया आजीपाशी, रडून रडून काळीनिळी पडायची. मीच तिला छातीशी घ्यायची."

"आणि इतकी वर्षं मूग गिळून बसलीस? लग्न तोंडावर आल्यावर आठवलं?"

"तेव्हा कोण लक्षात ठेवत होतं, शेख? जे पोर रडेल त्याला जी जवळ असेल तिने घ्यायचं. माझ्या यूबाने पसंत केलेली मुलगी तीच, हे मला कुठे ठाऊक? परवा वहीबाच त्या तंबूंबद्दल बोलली आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली."

शेखने दाढीवरून हात फिरवला. "एका छातीचं दूध प्यायलेली पोरं सख्खी भावंडंच. त्यांचा निकाह हराम. विषय संपला."

यूबा दाराशी उभा होता. बंदरावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा हा बोलघेवडा पोरगा आज चौकटीचा रंग नखाने खरवडत राहिला. लमिया भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

वहीबा उठून जवळ आली, तेव्हा ती आता थोबाडीत मारणार असं वर्दियाला वाटलं. पण वहीबाने तिच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

"माझी सासू मरेपर्यंत म्हणायची, ही पोर जगली हेच नवल. ते नवल तू होतीस होय गं!"

वर्दियाने मान खाली घातली.

घरी येताना यूबा पुढे, ती मागे. बंदरावर जाळी वाळत पडली होती. लमियाचे भाऊ फ्रान्सात, मार्सेयला होते. लग्नानंतर दोघांनाही तिकडे नेण्याची सगळी तयारी झाली होती. वर्दियाचे थोरले दोघे आधीच समुद्रापलीकडे गेलेले. एकाचा ईदला फोन येई, दुसऱ्याचा तोही नाही. आता हा तरी राहील, असं तिच्या मनात आलं आणि तिला फार हलकं वाटलं. वर्षभर झुरेल, मग गावातलीच एखादी पाहू. तिने वाटेत सार्डिन घेतले, त्याला आवडतात म्हणून.

"अल्लाची मर्जी, बाळा," घरात शिरताना ती म्हणाली. "हातपाय धू, मी मासे तळते."

"यम्मा, काही करू नकोस." तो दारातच थांबला होता. "आमचा निकाह झालाय. उन्हाळ्यातच. तिच्या काकांनी लावून दिला. तिकडे जायचे कागद यायला उशीर होत होता, म्हणून कुणाला सांगितलं नाही."

"निकाह झालाय म्हणजे?"

"म्हणजे तिला दिवस गेलेत." त्याचा आवाज चिरकला. "माझं मूल आहे, यम्मा. माझ्या बहिणीच्या पोटात."

तो मोरीकडे धावला आणि भडभडून ओकला.

वर्दियाच्या हातातले मासे फरशीवर पडले. "यूबा..."

"काय?" त्याने वळून पाहिलं.

सांगायचं होतं ते एवढंच, की तंबूतल्या त्या हिवाळ्यात तिच्या अंगाला थेंबभरही दूध नव्हतं. यूबा स्वतःच मदतीत आलेल्या डब्यातल्या भुकटीवर वाढला होता.