टणक हरभरे

डोंगरमाथ्यावरच्या वेधशाळेत नवे साहेब रुजू झाले. हवेचा दाब मोजण्यात त्यांची हयात गेलेली, पण जेवताना रोज दाताखाली कच्चा हरभरा आला की त्यांचं डोकं सणकायचं.

"साहेब, एवढ्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण हवं तेवढं तापत नाही. कुकरशिवाय हरभरे शिजायचे नाहीत," स्वयंपाकी मामा म्हणाले.

"कारणं सांगू नका!" साहेबांनी मामांच्या हातात मेमो टेकवला आणि रविवारी स्वतःच पातेलं चढवलं. तीन तासांनी चमच्याने दाबलेला हरभरा टणकन उडून त्यांच्याच चष्म्यावर आपटला.

सोमवारी साहेबांनी कुकर मागवला. मग मामांना समोर बसवून फळ्यावर आकृती काढली.

"उंचावर हवेचा दाब कमी असतो, मामा. जाऊ द्या, तुम्हाला नाही कळायचं ते."