दुमडलेलं पान

पिन तशीच होती. ऋताने वही खिडकीच्या उजेडात धरली आणि दुमडलेल्या पानाची कड नखाने चाचपली. बावीस वर्षांत पिन गंजून कागदात रुतली होती. काढून पुन्हा मारली असती, तर भोकं चार दिसली असती. दोनच होती.

म्हणजे आईने वाचलंच नव्हतं.

ती शिक्षकखोलीतल्या खुर्चीवर बसली. ऐरोलीच्या या शाळेत आईने एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तिला जाऊन तीन आठवडे झाले होते. कपाट रिकामं करून न्या, असा मुख्याध्यापकांचा फोन आला, म्हणून ऋता पुण्याहून आली होती. वरच्या कप्प्यात नववीच्या चालू वह्यांचा गठ्ठा. अगदी खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ऋताची दहावीची वही.

वैशाली मॅडमची, म्हणजे आईची, एक पद्धत होती. तास सुरू होताना फळ्यावर इंग्रजीत एक ओळ लिहायची. ‘आज मी कोणाचं ऐकलं नाही?’ किंवा ‘आमच्या जिन्यातले वास.’ पहिली दहा मिनिटं त्यावर वहीत लिहायचं, चुकेल तसं. मॅडम चुकांवर लाल शाई फिरवत नसत. पत्राला द्यावं तसं खाली उत्तर लिहीत. आणि कोणाला लिहायचंय पण दाखवायचं नाही, तर त्याने पान दुमडून पिन मारायची. मॅडम ते उघडणार नाहीत. वर नुसती बरोबरची खूण करतील.

ऋता त्याच वर्गात होती. सख्ख्या आईला मॅडम म्हणायची. ‘मॅडमची पोरगी’ हे ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच तिने आईला अट घातली, की वर्गातलं काहीही घरी काढायचं नाही. आईला हसू आलं होतं. पण तिने अट पाळली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी फळ्यावर ओळ आली, ‘घरी सांगता न आलेली गोष्ट.’ बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई सकाळी शाळेत, मग संध्याकाळपर्यंत शिकवण्यांना. मुलगी दिवसभर एकटी राहते, त्यापेक्षा अकरावीला मामाकडे साताऱ्याला जाईल, असं मोठ्यांमध्ये ठरत होतं. ऋताने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, ‘मला पाठवू नकोस. एकटी राहीन, पण तुझ्या घरात राहीन.’ मग पान दुमडलं आणि पिन मारली. नियम वर्गासाठी होता. आपली आई आपलं पान उघडणारच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

वह्या तपासायला गेल्या. अभ्यासाची सुट्टी लागली, परीक्षा झाली. ऋता रोज आईच्या तोंडाकडे बघायची. आई तिच्या बॅगेला नवी चेन लावून आणत होती, मामाला फोन करत होती. जूनमध्ये तिने ऋताला एसटीत बसवून दिलं. वही मागायला ऋता शाळेत कधी गेलीच नाही. वाचूनही जिने पाठवलं, तिच्याकडे काय मागायचं?

पुढे सगळं रीतसर झालं. तिने फोन केले, दिवाळीला साडी आणली, शेवटी दवाखान्यात उशाशीही बसली. कर्तव्यात कसूर केली नाही आणि आईच्या जवळही गेली नाही.

आता कळत होतं, आईने वाचलंच नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ऋताला रागच आला. पोटची पोर पान बंद करून काही लिहिते, आणि हिला नियम सुचतो!

“मॅम, आत येऊ?”

दारात एक मुलगी उभी होती. दोन वेण्या, पाठीला दप्तर.

“मी ज्ञानेश्वरी, नववी ब. तुमी इंग्लिशच्या नवीन मॅम ना? माझी वही पायजे होती.”

 ऋताने नववीचा गठ्ठा पुढे सरकवला. ज्ञानेश्वरीने आपली वही काढली, भराभर पानं उलटली आणि तिचा चेहरा पडला.

“नाही वाचलं मॅडमनी.”

“दुमडलेलं पान त्या वाचत नव्हत्या,” ऋता कोरडेपणाने म्हणाली.

“असं कसं? विचारून वाचायच्या की! हे बघा.”

बंद पानाखाली आईचं अक्षर होतं, ‘वाचू का?’ त्याच्याखाली गिचमिड अक्षरात ‘हो’.

“मी हो लिहून वही दिली, आणि दुसऱ्याच दिवशी मॅडम ॲडमिट झाल्या,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “आता तुमी वाचा. उद्या नको, आजच वाचा.”

“वाचते,” ऋता म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “आमच्या वेळी त्या विचारत नसत. नुसती खूण करायच्या.”

“तुमी पण मॅडमच्या स्टुडंट? मग ते तुमच्या नंतरचं असेल. एका मुलीने पान दुमडलेलं. मॅडमनी उघडलं नाही, आणि तिला विचारलं पण नाही. मग ती लांब शिकायला गेली. मॅडम बोलायच्या, उघडलं नाही ते बरोबर केलं, विचारलं नाही ते चुकलं. तेव्हापासून त्या सगळ्यांना विचारायला लागल्या.”

ऋताने विचारलं, “कोण मुलगी?”

“नाव कुठे सांगतात! आमी लय मागे लागलो. आमच्या वर्गातला सनी तर तोंडावर बोलला, मॅडम, तुमी फेकताय, अशी कोणी मुलगी नाहीच.” ज्ञानेश्वरी हसली. “तर मॅडम बोलल्या, तिची वही आहे ना माझ्याकडे. न्यायला येईल ती, तेव्हा तिलाच विचारा.”