पूल रिकामा होता

"स्वल्पविराम गाळू नकोस," चरित्रकार म्हणाला. "घाई कसली आहे? संध्याकाळपर्यंत मला दुसरं काम नाही."

बायकोने वर्तमानपत्र खिडकीच्या उजेडाकडे धरलं. त्याची नजर गेल्यापासून घरात येणारा प्रत्येक छापील शब्द तीच वाचून दाखवायची, विरामचिन्हांसकट. चिन्हं ऐकली की वाक्य डोळ्यांपुढे उभं राहतं, असं तो म्हणायचा. शिवाय वाचणाऱ्याला लबाडी करता येत नाही.

आज पुरवणीचं पहिलं पान त्याच्या ग्रंथाला दिलं होतं. यादवी युद्धातल्या सेनापतीचं ते चरित्र. सेनापतीच्या पुतळ्यावर अजूनही कुणी फुलं ठेवत होतं, कुणी डांबर ओतत होतं. चरित्र मात्र दोघांच्याही कपाटात असायचं. संध्याकाळी नव्या आवृत्तीचं प्रकाशन होतं. चरित्रकार सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून दारासमोरच्या खुर्चीत बसला होता. परीक्षण त्याच्याच जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं, आणि हा विद्यार्थी कुणाची भीड ठेवत नाही, अशी त्याची ख्याती होती.

"'सेनापतीच्या युद्धनीतीचं इतकं नेमकं स्वल्पविराम इतकं निर्मळ विवेचन दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही पूर्णविराम.'"

"शिकलं म्हणायचं पोरगं. पुलाबद्दल काय म्हणतो?"

पुलाबद्दल सगळेच बोलायचे. शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून सेनापतीने लाकडी पूल पेटवून दिला, हे कुणी नाकारत नव्हतं. त्या वेळी पुलावर गाव सोडून निघालेली माणसं होती की नव्हती, यावर दोन पिढ्या भांडल्या. निकाल चरित्रकाराने दिला होता. पूल रिकामा होता, पूर्णविराम. तो सांगत गेला होता आणि बायकोने उतरवून घेतलं होतं.

"'पुलाचं प्रकरण हा ग्रंथाचा कळस आहे पूर्णविराम. लेखक लिहितो स्वल्पविराम आग दिसण्याआधीच फळ्यांचे चटके तळपायांना बसू लागले पूर्णविराम. हे वाक्य लिहायला लेखक स्वतः तिथे असावा लागतो पूर्णविराम. असा ग्रंथ पुन्हा होणे नाही पूर्णविराम.'"

परीक्षण तिथे संपलं होतं. खाली पंख्यांची जाहिरात होती.

"एवढंच?" चरित्रकाराने मान कलती केली. त्याचं पोट भरलं नव्हतं.

बायकोने चष्मा काढून मांडीवर ठेवला. "'मात्र एक शंका उरते पूर्णविराम,'" ती त्याच सुरात म्हणाली. "'पूल रिकामा होता स्वल्पविराम तर चटके कुणाच्या तळपायांना बसले प्रश्नचिन्ह.'"

खुर्चीच्या हातावर ताल धरलेली त्याची बोटं थांबली.

"असं लिहिलंय?"

"प्रश्नचिन्हासकट."

तो हसला. "तुझं वाक्य नडलं बघ. तेव्हाच उडवायला हवं होतं. पण झकास होतं, मोह आवरला नाही."

"वाक्य ठेवलंत. पुलावर मी होते, ते उडवलंत. माझ्या धाकट्या भावालाही."

"अगं, आता ते उकरू नकोस. पोर तुझ्या हातातून सुटलं. त्यापायी मी सेनापतीला खाटीक ठरवायचं होतं? खाटकाचं चरित्र कोण विकत घेतं? त्याच पुस्तकावर हे घर उभं राहिलं, आणि तू आयुष्यभर त्यात राहिलीस."

ती एवढ्यावरच थांबणार होती. तिने पान उगाच उलटलं, त्याला आवाज ऐकू जाईल असं.

"'लेखकाला खरं काय ते ठाऊक होतं पूर्णविराम. साक्षीदार त्याच्या घरातच होता पूर्णविराम. हे चरित्र नाही स्वल्पविराम वकीलपत्र आहे पूर्णविराम. नवी आवृत्ती काढणाऱ्यांना लाज वाटायला हवी पूर्णविराम.'"

"संपलं?"

"संपलं. खाली त्याचं नाव आहे."

चरित्रकार सदऱ्याचं वरचं बटण चाचपू लागला. ते लावलेलंच होतं. "साक्षीदाराचं त्याला कुणी सांगितलं?"

"मी तर फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."

"पुरवणी कितीजण वाचतात गं?"

थट्टा केली, एवढं म्हणायला अजून वेळ होता. "आजची?" ती म्हणाली. "सगळेच."

फोन वाजू लागला. अभिनंदनाचा असणार, हे तिला माहीत होतं.

"उचलू नकोस!" तो ओरडला. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. त्यानंतर जिन्यात पावलं वाजली, हसण्याखिदळण्याचा आवाज आला, आणि दारावरची घंटा.

"हसतायत," चरित्रकार पुटपुटला. "तोंडावर हसायला आलेत. कार्यक्रमाला मी येणार नाही. सांग त्यांना, घरात कुणी नाही. जा ना!"

तिने जाऊन दार सताड उघडलं. विद्यार्थी फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता, मागे प्रकाशक.

"काकू, सर कुठे आहेत?"

ती बाजूला झाली. समोरच्या खुर्चीत इस्त्रीच्या सदऱ्यातला म्हातारा दोन्ही हातांनी तोंड झाकून, श्वास रोखून बसला होता. आपण कुणाला दिसत नाही, अशी त्याची खात्री होती.

"घर रिकामं आहे," ती म्हणाली, आणि त्याला ऐकू जाईल असा पूर्णविराम उच्चारला.