आवाज : राही

“मग आवाज काढून टाकावा लागेल, सर,” गंधार म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

दत्तात्रेय सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. रत्नागिरीच्या कॉलेजातल्या संगणकांच्या खोलीत दुपारचे ते आणि संगणकाच्या कामात त्यांना मदत करणारा गंधार, असे दोघेच होते. समोरच्या यंत्रातून एक मुलगी पाढे म्हणत होती. सावकाश, एकेक शब्द तोंडभर उच्चारत. पाढा संपला की ती थांबायची आणि विचारायची, “कळलं?”

मग जरा वेळ काहीच नाही. नुसता श्वास, आणि मागे लांबवर समुद्र. कुणीतरी उत्तर देईल म्हणून वाट पाहावी तसं. मगच पुढचा पाढा.

निवृत्त झाल्यापासून सर गावोगावच्या शाळांत हा प्रोग्रॅम बसवून देत. पोरं त्या मुलीमागून पाढे म्हणत. सरांनी तो आवाज इतक्यांदा ऐकला होता, तरी “कळलं?” आलं की मान डोलावल्याशिवाय त्यांना राहवत नसे. रिकाम्या वर्गातसुद्धा.

प्रोग्रॅम यज्ञेशचा. अकरावीला सरांकडे आला तेव्हाच घोगऱ्या आवाजाचा, ओठांवर मिसरूड असलेला. वसतिगृहात राहायचा, घरचं फारसं बोलत नसे. पुढे नोकरीसाठी मुंबईला गेला आणि तिथेच मोटरसायकलच्या अपघातात संपला. त्याचा प्रोग्रॅम बेवारशी पडला. कुणीही घ्यावं, बदलावं अशा मोकळ्या सॉफ्टवेअरच्या जगात रीत अशी, की आधी जुन्या सांभाळणाऱ्याला हाक मारायची, वाट पाहायची, आणि उत्तर आलंच नाही तर दुसऱ्याने ते उचलायचं. सरांनी उचललं.

“कोडचं लायसन्स स्पष्ट आहे,” गंधार सांगत होता. “पण आवाजाचं काय? यज्ञेशने नुसतं लिहून ठेवलंय, ‘आवाज : राही’. तिची परवानगी कुठाय? ती नसेल तर नव्या आवृत्तीत आवाज घेणार नाहीत. फार तर तुम्ही म्हणा पाढे.”

“मी? पोरं दप्तरं टाकून पळतील.” सर हसले आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “राही त्याची धाकटी बहीण. वेळणेश्वरला असते. मी कधी गेलो नाही रे त्यांच्याकडे. तो गेल्यावरही नाही.”

गंधारने आपला लॅपटॉप आणि दोन छोटे स्पीकर पिशवीत घालून दिले.

जयगडला होडीने खाडी ओलांडून, पुढे एसटीने सर वेळणेश्वरला पोचले. अंगणात सतरा-अठरा वर्षांची मुलगी कोकमासाठी रातांबे फोडत बसली होती. हात लालभडक. कुत्रा सरांवर तुटून पडल्यासारखा भुंकत होता, पण तिने मान वर केली नाही. आई, विमलाताई, बाहेर आल्या, कुत्र्याला हाकललं, मुलीच्या खांद्याला हात लावला. तेव्हा कुठे तिने पाहिलं.

रागावलीय, सरांना वाटलं. असणारच. इतक्या उशिरा आलो.

“बसा हो सर. यज्ञेश तुमचं नाव फार घ्यायचा,” विमलाताई म्हणाल्या आणि कोकमाचं सरबत घेऊन आल्या.

सरांनी कामाचं सांगायला घेतलं. राही एकटक त्यांच्या तोंडाकडे बघत होती. असं बघणारं पोर वर्गात असलं की सरांना हुरूप येई.

“हे बघ बाळ, आपण शेजाऱ्याला कलमासाठी आंब्याची काडी देतो. तो कलम बांधतो, पुढे तिसऱ्याला काडी देतो. कुणी कुणाला अडवत नाही. पण पहिली काडी छाटताना झाडाच्या मालकाला विचारावं लागतं. या प्रोग्रॅममध्ये आवाज तुझा, म्हणून तुला विचारायला आलो.”

“राहीचा आवाज?” विमलाताईंनी हळूच विचारलं. “यज्ञेशने असं लिहिलंय?”

“हो. नाव तिचंच आहे.”

विमलाताईंनी राहीकडे एकवार पाहिलं. मग म्हणाल्या, “परवानगी दिली की काय होईल?”

“कुणीही तो घेईल, दुसऱ्याला देईल, बदलेल.”

“बदलेल? हा आवाज काढून भलत्याचा घालतील?”

“घालू शकतील. बदलू नका, अशी अट घालता येत नाही, नाहीतर ते मोकळं राहत नाही.” सरांना खोटं बोलवेना. “पण ज्या शाळेत हा आहे, तिथून तो कुणाला परत मागता येणार नाही. परवानगी नसली तर मात्र नव्या आवृत्तीतून तो मलाच काढावा लागेल.”

“आधी ऐकवा.”

सरांनी स्पीकर ओट्यावर मांडले. *तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस.* विमलाताईंच्या हातातलं भांडं कलंडलं, सरबत मातीत मुरलं. त्या स्पीकरजवळ पायरीवर येऊन बसल्या. राहीही उठून जवळ आली. तिने लाल तळवा स्पीकरवर टेकवला, डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले, आवाजाच्या अगदी बरोबरीने, कुठेही न चुकता.

पाढा संपला. श्वास. समुद्र.

“कळलं?” यंत्राने विचारलं.

राहीने मान डोलावली. सरांनीही.

“पुन्हा लावा,” विमलाताई म्हणाल्या. सरांनी लावला. “आणखी एकदा.” तेही झालं. मग त्यांनी डोळे पुसले आणि राहीकडे बघून हाताने लिहिल्यासारखं केलं. राही हात धुऊन आली. सरांनी आणलेल्या परवानगीच्या कागदावर तिने सही केली, ठसठशीत, शाळेतल्यासारखी.

सरांना हलकं वाटलं. “त्यावरून एक आठवलं. एकोणतीसच्या पाढ्यात खरखर आहे, पोरांना नीट ऐकू येत नाही. राही, बाळ, तेवढा आत्ता म्हणतेस? इथेच भरून घेतो.”

राही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग आईकडे.

“ती कशी म्हणेल, सर?” विमलाताईंनी स्पीकरवरून हात फिरवला, जसा मुलाच्या डोक्यावरून फिरवतात. “ती कधी बोललीच नाही. जन्मापासून ऐकूही येत नाही तिला. हा यज्ञेश आहे. आवाज फुटायच्या आधीचा.”