परतीचं शीड

पत्र्याचं जहाज बादलीत सोडलं आणि उज्ज्वलची पार शोभा झाली. तळाच्या सांध्यातून पाणी आत शिरलं, जहाज एका अंगाला कललं आणि बुडबुडे सोडत खाली जाऊन बसलं.

"पप्पा, हे तर बुडालं," श्रावस्ती म्हणाली. ती हसली नाही, हे त्याला जास्त लागलं.

उज्ज्वल आखातात, सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये एसीची हवा नेणारे पत्र्याचे डक्ट बनवायचा. अठरा वर्षं पत्रा दुमडण्यात गेली होती. त्याने मारलेल्या सांध्यातून वारा निसटेल तर शपथ. पण वारा अडवणारा सांधा पाणी अडवत नाही, हे या कारागिराच्या डोक्यातच आलं नव्हतं. हाताच्या सवयीने त्याने जहाजालाही डक्टचाच सांधा मारला होता.

"थांब, सिलिकॉन लावू," म्हणत तो उठला, तर बाथरूमच्या दारात त्याची बायको मैत्री उभी. हातात चिकटपट्टीचं रीळ, मागे अर्ध्या भरलेल्या बॅगा. त्याला बाजूला घेऊन ती दबक्या आवाजात म्हणाली, "सकाळी सातचं विमान आहे. तुम्ही सांगता का तिला, का मी सांगू?"

"सांगतो ना."

"आठ दिवस झाले, हेच ऐकून राहिले मी."

सांगायचं होतं ते दोन वाक्यांचंच होतं. कंपनीने फॅमिली ठेवायची सवलत काढून घेतली होती. उम्म अल हस्समचा हा फ्लॅट महिनाअखेर सोडायचा, मायलेकींनी अमरावतीला राहायचं आणि त्याने सलमाबादच्या कामगार कॅम्पमध्ये, सहा जणांच्या खोलीत. श्रावस्तीला मात्र उन्हाळ्याच्या सुटीला जातोय, सप्टेंबरमध्ये परत, असं सांगून त्याने वेळ मारून नेली होती. फोरमनशी भांडताना ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, त्या माणसाची अकरा वर्षांच्या पोरीपुढे दातखीळ बसत होती. मग त्याने जहाजाचा आधार घेतला. तिचा सुटीचा प्रोजेक्ट होता, 'युरोपियन लोक समुद्रावर का निघाले?' रोज संध्याकाळी ओव्हरटाइम नाकारून तो घरी यायचा आणि दोघं कातऱ्या, पत्रा, फडकी घेऊन जमिनीवर बसायची. आज सांगू, शीड झालं की सांगू, असं करत शेवटची संध्याकाळ येऊन ठेपली होती.

त्याने जहाज पुसलं, श्रावस्तीसोबत हॉलमध्ये येऊन सिलिकॉनची गन हातात घेतली. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, "तुझे मुद्दे पाठ झाले?"

"स्पाइसेस, गोल्ड, रिलिजन," श्रावस्तीने बोटांवर मोजलं. "आणि पर्ल्स, इथले. आपण तो फोर्ट बघितला ना, तिथे पोर्तुगीज आले होते. पण मेन रीझन वेगळंच आहे."

"कोणतं?"

तिने फडक्याचं त्रिकोणी शीड बोटाने फिरवलं. "हे. आधी काय व्हायचं, वाऱ्यासोबत लांब जाता यायचं, पण तोच वारा परत येऊ द्यायचा नाही. म्हणून सगळे घाबरायचे. या शिडाने वाऱ्याच्या अगेन्स्ट येता येतं. टीचर म्हणाली, परत कसं यायचं ते कळलं, मग लोक निघाले."

कपाटातल्या दोन तिकिटांवर परतीची तारीख नव्हती.

"श्रावस्ती, ऐक बेटा. सप्टेंबरमध्ये..." त्याने गन खाली ठेवली. "सप्टेंबरमध्ये तुझी शाळा उघडेल ना, तेव्हा..."

"पप्पा, मला प्रोजेक्ट नाहीये," ती म्हणाली. मान खालीच होती, शिडाच्या दोऱ्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती.

"म्हणजे?"

"सगळ्या क्लासला दिला. टीचर मला म्हणाली, तू नको करू, तुझी टीसी निघाली."

शाळा सोडल्याचा तो दाखला त्यानेच अर्ज करून काढला होता, ऑफिसच्या बॅगेत कागदांखाली दडवला होता. शाळा काही दडवत नाही, हे त्याला सुचलं नव्हतं.

"कधी म्हणाली?"

"लास्ट डेला. आणि रात्री तुम्ही दोघं बोलता ते ऐकू येतं मला."

म्हणजे आठ दिवस. आठही दिवस पोर त्याच्यासमोर बसून पत्रा धरत होती, शीड कापत होती, आणि तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"मग हे जहाज कशाला करायला लावलंस गं?"

"तुम्ही रोज लवकर घरी येत होता ना."

दारामागे चिकटपट्टी फाडण्याचा आवाज थांबला. मैत्री आत आली नाही.

उज्ज्वलने जहाज मांडीवर उलटं घेतलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्याने पुसलंही नाही. तळाच्या सांध्यावर सिलिकॉनची रेघ ओढली, अंगठ्याने दाबत शेवटपर्यंत नेली. मग पुन्हा एकदा नेली, गरज नसताना. श्रावस्ती त्याच्या दंडाला टेकून बघत राहिली.

"आता सोडायचं?" तिने विचारलं.

"नाही. हे वाळायला पुरता एक दिवस लागतो."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. मग शीड सरळ करत म्हणाली, "मग तुम्हीच सोडा, पप्पा. त्या कॅम्पमध्ये बादली असेल ना?"