दगडाचं नाव

“सांग जोसाया, त्या दगडाचं नाव घे,” म्हातारे गावप्रमुख मोलिसाले म्हणाले.

बैठकीच्या झोपडीत सगळं गाव जमलं होतं. जोसायाच्या नारळीच्या बागेवर शेजारच्या केलेपने हक्क सांगितला होता. बागेत जोसायाच्या बापाचं थडगं होतं. कागद कुणाकडेच नव्हता. बेटाचा रिवाज मात्र होता: हद्दीवरच्या दगडाचं नाव जो नीट घेईल, त्याची जमीन.

नाव जोसायाला पाठ होतं. पण त्यातला ‘म’ ओठ मिटून म्हणायचा नव्हता. जिभेचं टोक वरच्या ओठाला टेकवलं तरच तो दगड ‘आजीची पाठ’ होई. नुसते ओठ मिटले, की तीच पाठ डुकराची.

त्याने जीभ पुढे केली आणि ती आपसूक मागे फिरली. लहानपणी असा ‘म’ तोंडातून निघाला, की बाप फाडकन थोबाडीत द्यायचा. काहीही बोलायचं झालं, की तो आधी घसा खाकरायचा, जरा थांबायचा, मग बोलायचा. “जीभ आत घे. कुत्रा आहेस का? शहरात नोकरी करायचीय तुला.” बाप दुष्ट नव्हता. शाळेत याच जिभेपायी त्यानेही मार खाल्ला होता. घरात तो बेटाची बोली सोडून फक्त बिस्लामा, ही बाजारातली भाषा, बोलायचा. पोराला नोकरी लागली, बापाचं समाधान झालं.

जोसायाने ओठ मिटूनच नाव घेतलं. मागच्या बायका फिसकन हसल्या.

“बस त्या डुकरावर नि जा शहरात,” एकीने टोमणा मारला. जोसायाचे कान तापले.

मग केलेप उठला. आईबापावेगळा हा पोर पूर्वी जोसायाच्या बापाबरोबर रोज होडीतून मासे धरायला जायचा. जोसायाला बापाने होडीत कधी घेतलं नाही. त्याचा अभ्यास बुडाला असता.

केलेपने घसा खाकरला. जरा थांबला. मग जीभ ओठाला टेकवून त्याने नाव घेतलं, सावकाश, जड आवाजात. जोसायाने चमकून वर पाहिलं. होडीत बाप कुठली भाषा बोलायचा, ते त्याला आत्ता कळलं.

मोलिसालेंनी मान डोलावली. बाग केलेपची झाली.

“तुला काही म्हणायचंय?” त्यांनी जोसायाला विचारलं.

“नाही,” जोसाया म्हणाला. “माझ्या बापाने साक्ष दिलीय.”